पत्रे बसायच्या आधी आलेला पाऊस

माझं काम लोकांच्या डोक्यावरचं. छप्पर घालायचं, दुरुस्त करायचं, उडालं तर परत आणून बसवायचं. म्हसावद आणि आसपासच्या गावांत मला 'गोरखमिस्तरी' म्हणतात. आता गुडघे शिडीला तयार नसतात, म्हणून दोन वर्षांपासून मी जमिनीवर असतो. पण अजूनही कुठल्या गावात शिरलो की मान आधी वर जाते. माणूस ओळखायच्या आधी त्याचं छप्पर ओळखतो. बायको म्हणते, रस्त्यानं खाली बघून चाला, नाहीतर एक दिवस गटारीत जाल.

आमच्या धंद्याची एक गंमत आहे. छप्पर ठीक असलं की छपरावाल्याची आठवण कुणालाच नसते. सुताराच्या दारावरून माणूस रोज हात फिरवतो. आमचं काम घरातल्या कुणी वर जाऊन कधी बघत नाही. आठवण येते ती ज्येष्ठात, ढग दिसल्यावर, आणि तीही सगळ्या गावाला एकदम.

माझे वडील धाबी घालायचे. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली सागाच्या कड्या, वर काड्यांचा थर आणि त्यावर पांढरी माती चोपून चोपून बसवलेली. उन्हाळ्यात त्याखाली झोपलं की पंख्याची गरज नाही. पण दरवर्षी माती घालावी लागते आणि आता ना कड्या मिळतात ना चोपायला माणसं. म्हणून मी पत्र्याकडे वळलो. शेकडो घरांवर पत्रे टाकले असतील, आणि खरं सांगतो, वैशाखात त्यातल्या कुठल्याही घरात दुपारी जेवायला बसलो की मलाच लाज वाटायची. भाकरी तव्याबाहेर काढली तरी भाजत राहील असं ऊन खाली उतरतं. स्वस्त, हलकं, झटपट. त्याची किंमत मोजावी लागते ती अशी.

पत्रा का उडतो, हे लोकांना नीट माहीत नसतं. त्यांना वाटतं वारा वरून ओढून नेतो. म्हणून वर दगड ठेवतात, जुने टायर ठेवतात, एकानं तर जात्याचं पाळू ठेवलं होतं. वारा खरा शिरतो दारातून आणि वळचणीखालून. घरात कोंडतो आणि खालून धक्का देतो. म्हणून पत्रा खालच्या पाइपाला हुकानं धरून ठेवावा लागतो. हुकाचं भोक पत्र्याच्या वळीच्या माथ्यावर पाडायचं, खोलगट भागात पाडलं तर पाणी गळणारच. आणि पत्रे टाकायला सुरुवात वारा जिकडे जातो तिकडच्या टोकाकडून करायची, म्हणजे वरच्या पत्र्याची कड वाऱ्याच्या तोंडाला येत नाही. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळा धीर.

धीराच्या बाबतीत माझा जोडीदार रायसिंग माझ्यापेक्षा मोठा. तो सातपुड्यातला, म्हसावदच्या वर डोंगरात त्याचं गाव. तरुणपणी ऊसतोडीला जायचा. एकदा आमच्या गावात एका गोठ्याच्या आढ्यावर मी अडकलो होतो. शिडी घसरून पडलेली, खाली कुणी नाही. हा रस्त्यानं चालला होता. शिडी लावली, वर आला आणि म्हणाला, "आते उना ते धरू लागस." म्हणजे आता आलोच आहे तर धरू लागतो. तेव्हापासून तो माझ्याबरोबर होता. घरी त्यांची पावरी बोली बोलायचा, माझ्याशी अहिराणी, आणि पत्र्याशी काहीच नाही. माझ्यासारखा तो पत्र्याला शिव्या द्यायचा नाही.

सांगायचं आहे ते दुष्काळाच्या वर्षाचं.

आदल्या पावसाळ्यानं फसवलं होतं. दिवाळीनंतरच विहिरी तळाला गेल्या. उन्हाळ्यात गावोगाव टँकर. पपईवाल्यांचे हाल तर बघवत नव्हते. आमच्याकडे सपाटीवर पपईच्या मोठमोठ्या बागा. झाडाला फळ लागलेलं आणि बोअरला फक्त हवा. आमच्या शेजारच्या गल्लीतले पुरुषोत्तमआबा टँकरचं पाणी विकत घेऊन एकेका झाडाच्या बुंध्याशी घालायचे. त्यांची सून म्हणायची, आमच्या घरात माणसांना मोजून पाणी आणि पपईला न मोजता.

आणि मग वैशाखाच्या शेवटी वावधन आलं. आमच्याकडे वादळाला वावधन म्हणतात. दुपारी पश्चिमेकडून आकाश पिवळं झालं, मग लाल, मग काहीच दिसेना. तोंडात माती. वीज कडाडली, थोडे थेंब पडले, ते अंगावर चिखल होऊनच आले. वारा मात्र असा की आमच्या अंगणात एक अख्खा पत्रा येऊन पडला. कुणाचा, कुठून आला, पत्ता नाही. जमीन ओली होण्याइतकं पाणी पडलं नाही, पण अर्ध्या गावाची घरं उघडी पडली. आबांची पपई उभीच्या उभी आडवी झाली. ज्या झाडांना त्यांनी चमच्यानं पाजल्यासारखं पाणी पाजलं होतं, ती सगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर गर्दी. जो तो म्हणतो, आधी माझं. आणि जो तो आकाशाकडे बघतो. त्या बघण्यात दोन माणसं असायची. एक म्हणायचं, ये रे बाबा. दुसरं म्हणायचं, थांब रे बाबा.

पहिला तंटा पत्र्यांचाच झाला. उडालेले पत्रे गावभर विखुरले होते आणि सगळे एकसारखे गंजलेले. दोन सख्ख्या भावांनी एकच पत्रा दोन बाजूंनी धरला होता. दोघांच्याही बायका मागे उभ्या, आणि एकेक सूचना देत होत्या. मी म्हटलं, पत्र्यालाच विचारू. पत्रा उचलून मोठ्याच्या घरावर नेला, पाइपांवर ठेवला. भोकं जुळेनात. धाकट्याच्या घरावर ठेवला, तिथंही जुळेनात. मग कळलं, पत्रा तिसऱ्याच माणसाचा होता, आणि तो बिचारा आपला पत्रा शेतात शोधत फिरत होता. दोघे भाऊ इतके ओशाळले की त्यांनीच तो नेऊन त्याच्या घरी पोचवला. त्यानंतर मला नवा उद्योग लागला. लोक पत्रे घेऊन यायचे, आणि पायात चप्पल घालून बघावी तसे आम्ही ते घराघरांवर घालून बघायचो.

दुसरी गोष्ट वेगळीच. गावात कुणीतरी उठवलं की गोरखमिस्तरी छपरावर असला की पाऊस येत नाही. मी खाली उतरलो की येतो. आता हे खरं असतं तर सरकारनं मला कधीच पगारी नोकरीत घेतलं असतं. पण दुष्काळात माणूस कशावरही विश्वास ठेवतो. मी वर चढलो की खालून पुरुषोत्तमआबा हाक मारायचे, "मिस्तरी, खाले उतर रे भो! तू वर शे तवपावत पानी येवाव नही."

समोरच्या घरातून लगेच दुसरा ओरडायचा, "उतरू नको भो, मन्हं घर बाकी शे!"

मजा म्हणजे आबांच्याही घराची मागची पडवी उडाली होती. मी विचारलं, "आबा, तुमनी पडवी कवय करू?"

आबा जरा विचारात पडले. म्हणाले, "मन्ही पडवी कर. पन पयले पानी येवू दे."

"पानी उनं ते पडवीमाच घुसी जाई."

"मंग पडवी कर, आनि लगेच उतर."

घरं कुठल्या क्रमानं घ्यायची, हे ठरवताना मी जे केलं त्यावरून आबा माझ्यावर रुसले. मी आधी मातीच्या भिंतींची घरं घेतली. विटांच्या घरात पाणी शिरलं तर माणसं भिजतात, सामान भिजतं, पण घर उभं राहतं. मातीच्या भिंतीचं तसं नाही. ती वरून पाणी पिते. छप्पर असेपर्यंत ती शंभर वर्षं उभी राहील, पण तिचा माथा उघडा पडला आणि वर जोराचं पाणी आलं, की ती फुगते आणि बसते. आबांचं घर पक्कं होतं, म्हणून मी त्यांना मागे ठेवलं. ते म्हणाले, "आमी काय परके शेत का?" आणि तेव्हापासून मला हाक मारेनासे झाले. खालून 'उतर' म्हणणारं कुणी नाही, तर मला वर करमेना.

आठवड्याभरात दुसरं वावधन आलं. यावेळी गाराही. पहिल्या वादळानंतर ज्यांनी घाईत पत्रे नुसते ठेवून वर दगड मांडले होते, त्यांचे पत्रे परत गेले आणि दगड घरात पडले. नशिबानं कुणाला लागलं नाही. आम्ही हूक मारलेली घरं मात्र टिकली, हे मी सांगितलं नाही तर माझ्या पोटात दुखेल. पण आनंद करायला वेळ नव्हता. शहाद्याच्या दुकानांत पत्रे संपले. गुजरातकडून गाडी येणार, येणार, असं सगळे सांगत होते. तोवर आम्ही वाकलेले पत्रे ठोकून सरळ करायला बसलो. रायसिंग एका लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठेवायचा आणि एकेक वळी लाकडी मोगरीनं अशी उठवायचा, जशी आई पोराच्या डोक्याला तेल चोळते.

असंच ठोकताना, हात न थांबवता, तो म्हणाला, "भाऊ, मन्हा घरना कौलं बी गयात."

मी हातोडी खाली ठेवली. "कवय?"

"पयला वावधनमा."

"आनि तू आते सांगी ऱ्हायना?"

"पयले सांगतू ते तुम्ही माले घर धाडी देतात. मंग आठे कोन ऱ्हातं?"

बाजाराला उतरलेल्या त्याच्या गावच्या माणसानं निरोप दिला होता. घरी त्याची बायको जमना, म्हातारी आई आणि दोन मुली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघ. त्यानं मान हलवली. म्हणाला, मथुरामायचं घर झालं की जातो. तिच्या घरात ओली बाळंतीण आहे.

मथुरामाय म्हणजे आमच्या गावातली एकटी शेतकरीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, वावर तिनं स्वतः केलं. पाण्याच्या पाळीवरून भल्याभल्यांशी भांडलेली बाई. घर जुनं, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं. या भिंतींची माझ्या वडलांनी कधी तरी डागडुजी केलेली. तिची मुलगी सुनीता बाळंतपणाला आली होती आणि मुलगी झाली होती. दुसऱ्या वावधनानं तिचे जुने पत्रे नेले, आणि दुकानांत माल नाही, म्हणून घरावर आता नुसती ताडपत्री. घरात बाळ, आणि कोपऱ्यात वर्षभराची दादर. आमच्याकडची ती पांढरी ज्वारी, भाकरीला तिच्यासारखी दुसरी नाही. दुष्काळात जी काही थोडी पिकली ती सगळी त्या कोपऱ्यात.

पत्र्यांची गाडी आली त्याच दिवशी आम्ही तिच्या घरावर चढलो. सकाळी आभाळ स्वच्छ होतं, उकाडा मात्र असा की श्वास घेताना नाक भाजावं. पूर्वेच्या टोकाकडून सुरुवात केली. जेवणाच्या वेळेपर्यंत अर्धं घर झाकलं होतं. रायसिंगनं मान वर केली आणि नाकानं वास घेतला. नैर्ऋत्येला तापीच्या बाजूनं आभाळ काळं झालं होतं. वादळाचं आभाळ पिवळं असतं. हे तसं नव्हतं. निळं-काळं, जड, आणि वारा नाही. पान हलत नव्हतं. खरा पाऊस असा येतो.

खाली मथुरामाय अंगणात आली. हात कपाळावर धरून तिनं पाहिलं. "पानी ई ऱ्हायनं का रे?"

"ई ऱ्हायनं माय."

तिनं एकदा उघड्या अर्ध्या घराकडे बघितलं, एकदा रस्त्यापलीकडे तडे गेलेल्या वावराकडे. मग आभाळाकडे बघून म्हणाली, "येवान शे ते ये रे बाबा. पन जरासा दम धर. हाऊ मिस्तरी म्हतारा शे."

मी तेव्हा काही इतका म्हातारा नव्हतो. पण वाद घालायला वेळ नव्हता. आम्ही पत्रे ओढायला लागलो. हूक मारायचे तर एकेका पत्र्याला वेळ लागतो, म्हणून मी नुसते कडेचे हूक मारत सुटलो. आणखी थोडे पत्रे चढले आणि मग पहिला थेंब माझ्या हातावर पडला. रुपयाएवढा, गार. पत्र्यावर टप्प, टप्प. आणि मग आवाज वेगळा उरलाच नाही. एकदम कोसळला.

मी काय करावं ते मला कळेना, हे प्रामाणिकपणे सांगतो. वर्षभर ज्याची वाट बघितली ते पाणी माझ्या अंगावरून वाहत होतं आणि मी त्याच्याकडे चोरासारखा बघत होतो. मातीचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी माझी नजर उघड्या भिंतीच्या माथ्यावर गेली. तिच्यावर पाणी पडत होतं आणि ती ते घटाघटा पीत होती. दुष्काळात तीही तहानलेली.

रायसिंग शिडीवरून नव्हे, सरळ ओट्यावर उडी टाकून उतरला. आत गेला आणि मला त्याचा आवाज ऐकू आला. इतक्या वर्षांत मी त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "माय, बाहेर निंघ! भित फुगी ऱ्हायनी!"

मथुरामाय निघेना. दादरीची पोती तिनं दोन्ही हातांनी धरली होती. "पयले दादर!"

"पयले पोर!" रायसिंग म्हणाला, आणि बाळाला दुपट्यासकट उचलून सुनीताच्या हातात दिलं. बाहेर तर धो धो पाऊस. ओल्या बाळंतिणीनं त्यात पाय कसा टाकायचा?

तेवढ्यात गल्लीतून एक मोठी निळी ताडपत्री चालत येताना दिसली. तिच्याखाली चार-पाच माणसांचे पाय. पुढे पुरुषोत्तमआबा. पपई बाजाराला नेताना ट्रॉलीवर घालायची ती ताडपत्री. या वर्षी तिला काही कामच नव्हतं. माझ्याशी न बोलणारे आबा खालून ओरडले, "वर का बठेल शे? उतर आते, पानी ते उनं!"

ताडपत्रीच्या मांडवाखालून सुनीता आणि बाळ आबांच्या घरी गेलं. मथुरामायला दोघांनी दंडाला धरून नेलं. ती जाताना मागे वळून दादरीकडे बघत होती. मी खाली उतरलो, आणि गल्लीतली सगळी माणसं आत घुसली. बायका घमेली घेऊन, पोरी पातेली घेऊन. पोतं उचलायला वेळ नाही, तर ओंजळीनं. मी आणि रायसिंग झाकलेल्या अर्ध्या भागात पोती ओढत होतो. आणि मग रायसिंगनं माझा सदरा मागून धरला आणि मला ओट्यावर खेचलं.

पश्चिमेची भिंत बसली. तिचा मोठा आवाजसुद्धा झाला नाही. दमलेली म्हैस बसते तशी ती आधी गुडघ्यावर आली, मग कुशीवर. दोन पोती खाली गेली. माणूस एकही नाही. मी डोकी मोजली, परत मोजली, आणि मग मात्र मी तिथंच चिखलात बसलो.

मथुरामाय आबांच्या ओट्यावर उभी होती. तिनं सगळं बघितलं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, की आता ही रडणार. मग तिनं हात लांब करून गावाच्या खालच्या बाजूला दाखवलं. "देखा," ती म्हणाली, "नाला चाली ऱ्हायना."

खरंच. सबंध वर्षभर ज्या नाल्यात पोरं क्रिकेट खेळत होती, तो दोन्ही काठांनी लाल पाणी घेऊन चालला होता. कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. पडलेल्या घरासमोर, चिखलात, सगळी गल्ली हसायला लागली. हसणं बरं दिसत नव्हतं, पण थांबवता येईना. आबा पावसात तोंड वर करून उभे होते. "मन्ही पपई गयी," ते म्हणाले, "पन हीर भरी ऱ्हायनी भो, हीर भरी ऱ्हायनी." त्यांच्या तोंडावरून वाहत होतं त्यातलं पाऊस किती आणि बाकीचं किती, हे मी बघितलं नाही.

भिजलेली दादर मथुरामायनं गल्लीभर वाटली. म्हणजे दान नव्हे. ज्याच्या घरात कोरडी जागा असेल त्यानं एकेक टोपली पसरून वाळवायची आणि परत आणून द्यायची. आबांच्या दिवाणखान्यात पंख्याखाली तिची ज्वारी आठवडाभर पसरलेली होती. पाहुणे आले की पाय उचलून चालायचे. काही दादरीला मोड आले. ती मायनं भाजून, दळून सगळ्यांना खाऊ घातली. गोडसर लागते. पुढे तिनं ती भिंत विटांची बांधली. मला वाईट वाटलं. तशी मातीची भिंत परत उभी करणारा माणूस मला आमच्या अख्ख्या भागात सापडला नाही. वडलांकडून मी छप्पर शिकलो, भिंत शिकलो नाही. ती त्यांच्याबरोबरच गेली.

पाऊस थांबून जरा ऊन पडल्यावर मी रायसिंगला मोटरसायकलवर मागे बसवलं. सोबत हूक, तार, हातोड्या घेतल्या, आणि उरलेल्यांतले चार चांगले पत्रे एका ओळखीच्या जीपच्या टपावर पुढे पाठवले. एवढ्या दिवसांत तो घरी फोन करू शकला नव्हता, वर डोंगरात रेंज नसते. वाटेत ओढे वाहत होते. दोनदा गाडी ढकलावी लागली. माझ्या खांद्यावरचा त्याचा हात घट्ट होत चालला होता. त्याचंही घर मातीच्या भिंतींचं, आणि अशा भिंतीचं काय होतं ते त्यानं नुकतंच बघितलं होतं.

त्याचं घर टेकडीच्या उतारावर. वळण घेतलं आणि तो म्हणाला, "थांबा." मी गाडी थांबवली.

घर उभं होतं, आणि घरावर कौलं होती. सगळी. काही जुनी, काही दुसऱ्या घरांची, काही नवी भाजलेली, लाल. ओळी जरा वाकड्या, पण एकही जागा उघडी नव्हती. डोंगरात एकमेकांच्या कामाला सगळ्या पाड्यानं धावून जायची रीत आहे, तिला लाहा म्हणतात. जमनानं लाहा बोलावला होता. पाड्यातल्या प्रत्येक घरानं आपल्या छपरावरची थोडी थोडी कौलं काढून आणली होती, आणि बायकांनी ती चढवली होती, कारण पुरुष बरेचसे कामाला बाहेर गेले होते. मोठ्या पावसाच्या आधी सगळं झालं होतं.

रायसिंग अंगणात उभा राहून छपराकडे बघत होता. जमना बाहेर आली. तिनं आमच्या हातातल्या हातोड्या बघितल्या, जीपवरून उतरवलेले पत्रे बघितले, आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. दारातली म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मी विचारलं, काय म्हणते?

"म्हनस," रायसिंग खाली बघत म्हणाला, "मिस्तरी लोके उनात, पन घर झाकाई गयं."

पत्रे तिनं परत नेऊ दिले नाहीत. शेळ्यांसाठी ठेवून घेतले. आम्हाला मक्याची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. जेवण होताच तिनं कोपऱ्यातून बियाणाची टोपली काढून आमच्यासमोर ठेवली. डोंगरउताराची मुरमाड जमीन, पाणी लवकर निचरतं, पेरणीला ओल तयार होती. घराचं काम तिनं केलं होतं, आता शेताचं आमचं. बसून राहायला पाहुणा आलाय असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

मी आयुष्यात कधी पेरणी केली नव्हती. गावात माझी जमीन नाही, माझं सगळं आयुष्य वर गेलेलं. तरी रायसिंगनं नांगर धरला आणि मी त्याच्या मागे एकेक दाणा टाकत निघालो. मध्येच भुरभुर सुरू झाली. सवयीनं मला वाटलं, कुणाचं तरी उघडं आहे, धावावं. मग लक्षात आलं की आज कुणाचंच काही माझ्यावर अवलंबून नाही. मी तसाच भिजत चालत राहिलो. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बांधावर बसलेल्या जमनानं मी पेरलेल्या ओळीकडे बघून काहीतरी म्हटलं आणि यावेळी रायसिंगही हसला, नांगर थांबवून, पोट धरून.

"आते काय म्हनस?"

"म्हनस, तुना मिस्तरी मका पेरी ऱ्हायना का शेरडीसले चारी ऱ्हायना?"

मी मागे वळून बघितलं. एका जागी मुठीभर मका, एका जागी काहीच नाही. आणि मागून तिच्या दोन शेळ्या, एकेक दाणा टिपत, माझ्याबरोबर शिस्तीत चाललेल्या.